प्रीपेड कार्ड घेताय? फायदे, तोटे आणि पैसे भरायच्या आधी बघायच्या गोष्टी

प्रीपेड कार्ड घेणं एकदम सोपं आहे, पैसे भरा, पिन सेट करा, झालं. अवघड पुढचं असतं. बॅलन्स असून व्यवहार फेल का होतो, रिफंड आला म्हणतात तो गेला कुठे, कार्डाची तारीख संपली तर आत उरलेल्या पैशाचं काय, हे विकताना कोणी सांगत नाही. मी बरीच वर्षं ही कार्डं वापरतेय, मुलांच्या खर्चाला, प्रवासात, ऑनलाइन खरेदीला, आणि ओळखीतल्या लोकांचे अडकलेले पैसे सोडवायला कस्टमर केअरशी भांडलेही आहे, म्हणून नवीन माणसासाठी सगळं एका जागी लिहून ठेवतेय.

माझं मत आधीच सांगते म्हणजे पुढचं वाचायला सोपं जाईल. प्रीपेड कार्ड एका ठरलेल्या कामासाठी उत्तम आहे, ते काम होईपर्यंत लागतील तेवढेच पैसे त्यात भरावेत. बँक खात्याच्या जागी वापरायला गेलात तर ते महाग पडतं आणि पैशाला बँकेइतकं संरक्षणही मिळत नाही.

१. तुमच्या हातातलं कार्ड कुठल्या जातीचं आहे ते ओळखा

दिसायला सगळी सारखीच, पण नियम वेगळे.

- एकाच दुकानाचं किंवा ब्रँडचं गिफ्ट कार्ड. तिथेच चालतं, बाहेर कुठे नाही, रोख तर बहुतेक वेळा मिळतच नाही.
- व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपे असा लोगो असलेलं गिफ्ट कार्ड. बऱ्याच ठिकाणी चालतं पण एकदाच भरलेलं असतं, परत पैसे भरता येत नाहीत.
- परत परत भरता येणारं कार्ड. ह्याला केवायसी (कागदपत्रं देऊन ओळख पटवणं) लागतं, आणि बरेचदा एटीएममधून पैसेही काढता येतात.
- परदेश प्रवासाचं फॉरेक्स कार्ड, ज्यात परकीय चलन आधीच भरून ठेवायचं.
- कंपनीने दिलेलं खर्चाचं किंवा पगाराचं कार्ड. हे वापरता तुम्ही पण ह्याचे नियम ठरवते कंपनी, नोकरी सोडताना उरलेल्या पैशाचं काय ते आधीच विचारून घ्या.
- व्हर्च्युअल कार्ड, म्हणजे नुसता नंबर, तारीख आणि सीव्हीव्ही. फक्त ऑनलाइन.

कार्ड प्रीपेड आहे हे दुकानदाराला बघून कळो न कळो, सिस्टिमला कळतं, कारण कार्डाचे पहिले सहा ते आठ आकडे कोणी दिलंय आणि कुठल्या प्रकारचं आहे ते सांगतात. त्यामुळेच काही वेबसाइट आणि भाड्याने गाडी देणाऱ्या कंपन्या प्रीपेड कार्ड सरळ नाकारतात. अशा वेळी कार्ड खराब आहे समजून दहा वेळा प्रयत्न करू नका, जास्त वेळा फेल झालं तर कार्ड तात्पुरतं ब्लॉक होऊ शकतं.

२. कशासाठी हवंय ते ठरवा

फायदे खरे आहेत, पण सगळ्यांना सगळे फायदे लागू होत नाहीत.

सगळ्यात मोठा फायदा माझ्या मते हा, की नुकसान कार्डातल्या रकमेपुरतं राहतं. अनोळखी वेबसाइटवर डेबिट कार्ड दिलं आणि नंबर चोरीला गेला तर अख्खं खातं उघडं पडतं. प्रीपेड असेल तर आत असतील तेवढेच जातील, पगार, बचत, घराचा हप्ता सगळं बाजूला शाबूत. ऑनलाइन खरेदीसाठी वेगळं कार्ड ठेवून ऑर्डर द्यायच्या आधी तेवढेच पैसे भरायचे ही सवय मला सगळ्यात उपयोगी पडलीये.

दुसरा फायदा म्हणजे बजेट. महिन्याच्या बाहेरच्या खर्चाची रक्कम कार्डात टाकली की संपली म्हणजे संपली. मुलांना देतानाही हेच, त्यात ॲपवरून लिमिट लावता येते, कुठे खर्च झाला ते दिसतं, एटीएम बंद ठेवता येतं.

तिसरं, क्रेडिट हिस्ट्री नसली किंवा खराब असली तरी मिळतं, कारण कार्ड देणारा तुम्हाला उधार देतच नाहीये. पण ह्याच्याच पोटात एक तोटा आहे. उधार नाही म्हणून परतफेडीची नोंदही नाही, त्यामुळे कितीही वर्षं नीट वापरलं तरी क्रेडिट स्कोअर वाढत नाही. कोणी "हे घ्या, स्कोअर वाढेल" म्हणून साधं प्रीपेड कार्ड विकत असेल तर घेऊ नका. स्कोअरसाठी डिपॉझिटवर मिळणारं सिक्युअर्ड क्रेडिट कार्ड असतं, ती वेगळी गोष्ट आहे.

आणि सबस्क्रिप्शनबद्दल एक गैरसमज. फ्री ट्रायलला प्रीपेड कार्ड दिलं की पुढचे पैसे कापले जाणार नाहीत हे बरोबर, बॅलन्सच नसेल तर कापणार काय. पण पैसे कापले गेले नाहीत म्हणजे सबस्क्रिप्शन बंद झालं असं नव्हे, करारानुसार ती रक्कम बाकी म्हणून दाखवली जाऊ शकते. कॅन्सल वेगळं करावंच लागतं.

३. चार्जेसचा तक्ता उघडा आणि बेरीज करा

ही पायरी सगळे सोडतात आणि प्रीपेड कार्डाचा खरा तोटा इथेच आहे. तक्त्यात हे शोधा: कार्ड घ्यायची फी, पैसे भरायची फी, महिन्याची फी, एटीएमची फी, एटीएमवर नुसता बॅलन्स बघायची फी (हो, असते), परकीय चलनाचा मार्कअप (दरावर वरून लावलेली टक्केवारी), कार्ड न वापरल्याची फी, नवीन कार्डाची फी, आणि बंद करताना पैसे परत घ्यायची फी.

एक उदाहरण करून बघू, आकडे नुसते समजण्यासाठी आहेत, चलन कुठलंही धरा. महिन्याला १००० भरले. भरायचे २ टक्के म्हणजे २०. महिन्याची फी १५. दोनदा एटीएममधून काढले, प्रत्येकी २०, म्हणजे ४०. एकदा मशीनवर बॅलन्स बघितला, ५. एकूण ८०. म्हणजे स्वतःचेच पैसे वापरायला ८ टक्के गेले. आता त्याच कार्डात कोणी ५००० भरतो असं धरा, त्याचे भरायचे १०० आणि बाकीचे तेच ६०, एकूण १६०, म्हणजे ३.२ टक्के. जो कमी पैसे वापरतो त्याला कार्ड जास्त महाग पडतं, आणि नेमक्या अशाच लोकांना ते "बँक नको, हे घ्या" म्हणून विकलं जातं, ह्याचं मला फार वाईट वाटतं.

उपाय साधे आहेत. थोडं थोडं चार वेळा भरण्यापेक्षा एकदाच भरा (फी ठरावीक रकमेची असेल तर ह्याने खूप वाचतात, टक्केवारीत असेल तर फरक पडत नाही), बॅलन्स ॲपवर किंवा एसएमएसवर बघा, एटीएमऐवजी थेट दुकानात स्वाइप करा. आणि न वापरल्याची फी असेल तर कार्ड ड्रॉवरमध्ये टाकून विसरू नका, ती दर महिन्याला आतून पैसे खाते.

ह्यावर काही देशांनी कायदे केलेत. अमेरिकेत २००९ च्या क्रेडिट कार्ड कायद्यानुसार गिफ्ट कार्डातले पैसे निदान ५ वर्षं संपत नाहीत आणि १२ महिने वापर नसेल तरच न वापरल्याची फी लावता येते, तीही महिन्यात एकदाच. भारतात रिझर्व्ह बँकेच्या २०२१ च्या निर्देशांनुसार मुदत शेवटचे पैसे भरल्यापासून निदान १ वर्षाची असते, आणि ती संपायच्या आधीच्या ४५ दिवसांत ग्राहकाला सूचना द्यावी लागते. तुम्ही जिथे राहता तिथला नियम एकदा वाचून घ्या, वाद झाला तर तोच कामी येतो.

४. कागदपत्रं तयार ठेवा

- सरकारी फोटो ओळखपत्र, मुदत न संपलेलं
- पत्त्याचा पुरावा, ओळखपत्रावरचा पत्ता जुना असेल तर वेगळा
- स्वतःच्या नावावरचा चालू मोबाइल नंबर
- रोज उघडता असा ईमेल
- फॉरेक्स कार्ड असेल तर पासपोर्ट, आणि बरेचदा व्हिसा किंवा तिकीट
- गिफ्ट कार्ड असेल तर खरेदीची पावती, ही फार महत्त्वाची

नाव सगळीकडे एकाच स्पेलिंगने हवं. ओळखपत्रावर वडिलांचं नाव मधे आणि अर्जात नाही एवढ्यावरूनही केवायसी अडकतं.

केवायसीला लोक कंटाळतात, पण कमी केवायसी म्हणजे कमी सोयी हे सगळीकडेच आहे. भारतात कमी माहितीवर मिळणाऱ्या प्रीपेडमध्ये १०,००० रुपयांपर्यंतच ठेवता येतात आणि रोख काढता येत नाही, पूर्ण केवायसी केलं की मर्यादा २ लाखांवर जाते. युरोपियन युनियनमध्ये २०२० पासून लागू झालेल्या नियमांनुसार नाव न सांगता वापरायच्या कार्डाला १५० युरोची मर्यादा आहे आणि ऑनलाइनला फक्त ५० ची. त्यामागचं कारण काळा पैसा आणि दहशतवादाला जाणारा पैसा रोखणं हे आहे. माझा सल्ला असा, की कार्ड महिन्याभरापेक्षा जास्त वापरणार असाल तर पूर्ण केवायसी पहिल्याच दिवशी करून टाका, कारण कंपनी ते नेमकं तेव्हाच मागते जेव्हा तुम्हाला पैसे काढायची घाई असते.

५. पहिल्या दिवशी करायच्या गोष्टी

कार्डाचा मागचा कस्टमर केअर नंबर फोनमध्ये सेव्ह करा, कार्ड हरवल्यावर तो नंबर कार्डाबरोबरच जातो. कार्डाचे शेवटचे चार आकडे आणि मुदतीची तारीख लिहून ठेवा (पूर्ण नंबर आणि सीव्हीव्हीचा फोटो काढून ठेवू नका). पिन बदला. ॲपमध्ये परदेशी व्यवहार, एटीएम, टॅप करून पेमेंट असे जे लागत नाही ते बंद करा. व्यवहाराचे अलर्ट चालू करा.

गिफ्ट कार्ड ऑनलाइन वापरायचं असेल तर आधी कार्ड देणाऱ्याच्या साइटवर तुमचा पत्ता आणि पिनकोड नोंदवायचा पर्याय आहे का बघा. बऱ्याच वेबसाइट पत्ता जुळवून बघतात, आणि दुकानातून उचललेल्या कार्डावर कुठलाच पत्ता नसतो, मग पेमेंट फेल होतं आणि माणसाला वाटतं कार्ड खोटं आहे.

मग एक छोटा व्यवहार करून बघा. आधी मोठी रक्कम भरून नंतर चाचणी, असं उलटं करू नका.

६. वापरताना "होल्ड" समजून घ्या

सगळ्यात जास्त तक्रारी ह्याच्याच असतात, म्हणून जरा सविस्तर.

ज्या पेट्रोल पंपांवर मशीनमध्ये आधी कार्ड घालून मग स्वतः इंधन भरायचं असतं, तिथे मशीनला तुम्ही किती भरणार ते माहीत नसतं. म्हणून ते आधीच एक मोठी ठरावीक रक्कम अडवून ठेवतं, त्याला होल्ड म्हणतात, खरं बिल नंतर येतं आणि उरलेली रक्कम सुटते. क्रेडिट कार्डवाल्याला हे जाणवतही नाही कारण त्याचं लिमिट मोठं असतं. प्रीपेडमध्ये मात्र खरेच पैसे अडकतात, आणि बॅलन्स होल्डच्या रकमेपेक्षा कमी असेल तर थोडंसंच भरायचं असलं तरी व्यवहार नाकारला जातो. उपाय एकच, आत काउंटरवर जाऊन आकडा सांगून तेवढेच पैसे द्या.

हॉटेल आणि भाड्याच्या गाडीचं अजून कठीण. तिथे डिपॉझिट म्हणून होल्ड लावतात, तो सुटायला काही दिवस, कधी कधी त्याहून बराच जास्त वेळ लागतो, आणि तोवर प्रवासातले तुमचे पैसे कार्डात दिसतात पण वापरता येत नाहीत. चेक-इनला डिपॉझिटसाठी क्रेडिट कार्ड द्या आणि निघताना शेवटचं बिल प्रीपेडवर भरा, ही पद्धत चालते. क्रेडिट कार्ड नसेल तर आधी फोन करून किती होल्ड लावता ते विचारा आणि तेवढे जास्तीचे भरून ठेवा.

परदेशात मशीनवर "तुमच्या घरच्या चलनात बिल करू का" असं विचारलं तर नाही म्हणा, तिथल्या चलनातच करा, नाहीतर दुकानाच्या बाजूने ठरलेला महाग दर लागतो. आणि फॉरेक्स कार्डात एक चलन भरलं असेल पण खर्च दुसऱ्या चलनात केलात तर वेगळा मार्कअप लागतो, दोन देश फिरणार असाल तर कार्डात दोन्ही चलनं भरा.

"भरलेत तेवढेच खर्च होतात" हेसुद्धा शंभर टक्के खरं नाही. विमानात किंवा काही टोलवर मशीन ऑफलाइन असतं, बॅलन्स त्या क्षणी तपासला जात नाही, हिशोब नंतर येतो आणि कार्ड मायनसमध्ये जाऊ शकतं. मग पुढच्या वेळी पैसे भरले की ते आधी तिकडे वळतात.

थोडी रक्कम उरली की काय करायचं? समजा ३७ उरलेत आणि बिल ९० चं आहे. नुसतं कार्ड दिलंत तर ९० मागितले जातील आणि फेल होईल. कॅशियरला आधीच सांगा, "कार्डावर ३७ घ्या, बाकीचे वेगळे देते." आकडा तुम्ही सांगायचा, बऱ्याच मशीन आपणहून उरलेली रक्कम शोधत नाहीत. म्हणून रांगेत लागायच्या आधी पैशापर्यंतचा अचूक बॅलन्स बघून ठेवा.

आणि वस्तू परत केली तर रिफंड त्याच कार्डावर येतो. गिफ्ट कार्ड रिकामं झालं म्हणून फेकून दिलंत तर रिफंड त्या फेकलेल्या कार्डावर जाऊन बसतो. परतीची मुदत संपेपर्यंत रिकामं कार्डही जपून ठेवा.

७. कंपनी बुडाली किंवा बंद पडली तर

बँकेतल्या ठेवीला विमा असतो, भारतात तो २०२० पासून प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदाराला ५ लाखांपर्यंत आहे. प्रीपेड कार्ड जर बँक नसलेल्या कंपनीने दिलं असेल तर तुमची रक्कम ठेव धरली जात नाही. ती कंपनीने वेगळ्या राखीव खात्यात ठेवायची असते. पैसे वेगळे असतात हे चांगलंच आहे, पण ते ताबडतोब हातात येतील अशी हमी त्यात नसते.

२०२० च्या जूनमध्ये जर्मनीतली वायरकार्ड ही पेमेंट सेवा देणारी कंपनी बुडाली, तिच्या हिशोबातले १.९ अब्ज युरो सापडलेच नाहीत. त्यानंतर ब्रिटनच्या नियामकाने तिथल्या उपकंपनीचं कामकाज थांबवलं आणि जी वेगवेगळ्या नावांची कार्डं आतून त्या कंपनीवर चालत होती ती सगळी काही दिवस गोठली. लोकांच्या कार्डावर नाव भलत्याच कंपनीचं होतं, वायरकार्ड हे नाव त्यातल्या बहुतेकांनी ऐकलंही नसेल. अमेरिकेतही २०१५ मध्ये रशकार्ड ह्या प्रीपेड कार्डाची सिस्टिम बदलताना हजारो लोकांना स्वतःचा पगारच काढता येईना, २०१७ मध्ये तिथल्या ग्राहक संरक्षण संस्थेने त्या कंपनीला आणि मास्टरकार्डला मिळून १ कोटी ३० लाख डॉलर भरायला लावले.

म्हणून कार्डाच्या मागे बारीक अक्षरात "द्वारा जारी" असं लिहून जे नाव असतं ते वाचा. तीच तुमची खरी कंपनी, पुढचं रंगीत नाव नुसतं विक्रेत्याचं असू शकतं. आणि पगार किंवा औषधपाण्याचे पैसे एकाच प्रीपेड कार्डात ठेवू नका, दुसरी सोय हवीच.

८. फ्रॉडच्या ठरलेल्या तऱ्हा

कोणीही, म्हणजे अगदी कोणीही, टॅक्स, दंड, वीजबिल किंवा नातेवाइकाला सोडवायचे पैसे गिफ्ट कार्डने भरायला सांगत असेल तर तो फसवणारा आहे, फोन ठेवा. कार्डाचा नंबर आणि पिनचा फोटो पाठवला की पैसे मिनिटांत जातात आणि परत मिळणं जवळपास अशक्य असतं.

दुकानात लटकवलेली गिफ्ट कार्डं घेताना पाकीट उघडून परत चिकटवलेलं नाही ना, पिनवरची खरवडायची पट्टी शाबूत आहे ना ते बोट फिरवून बघा. चोर नंबर आधीच टिपून ठेवतात आणि कोणी कार्ड चालू केलं की लगेच रिकामं करतात. दर्शनी कार्डाऐवजी मागचं घ्या, किंवा सरळ कंपनीच्या साइटवरून घ्या.

बॅलन्स तपासायला गुगलवर शोधून पहिली लिंक उघडू नका, नंबर गोळा करणाऱ्या खोट्या साइट असतात. कार्डावर छापलेलाच पत्ता टाइप करा.

९. हरवलं किंवा अनोळखी व्यवहार दिसला

आधी ॲपवरून ब्लॉक करा, मग फोन करा, मग ईमेल पाठवा आणि तक्रार नंबर घ्या. ईमेल ह्यासाठी की कळवल्याची वेळ लेखी राहते, आणि पैसे परत मिळणार की नाही हे बरेचदा त्या वेळेवरच ठरतं. भारतात बँक नसलेल्या कंपन्यांच्या प्रीपेडला २०१९ पासून नियम आहे, की चूक ना तुमची ना कंपनीची, मधल्या कोणाची तरी असेल आणि तुम्ही ३ दिवसांच्या आत कळवलंत तर तुमच्यावर काही जबाबदारी येत नाही. अमेरिकेत नोंदणी केलेल्या कार्डाला २ कामाच्या दिवसांत कळवलं तर जास्तीत जास्त ५० डॉलरचा भार ग्राहकावर येतो. गिफ्ट कार्डाला मात्र असं संरक्षण सहसा मिळत नाही, तिथे हातात पावती असेल तरच काही आशा.

१०. बंद कसं करायचं

नुसतं वापरणं थांबवलं म्हणजे कार्ड बंद झालं असं होत नाही. आधी सगळे होल्ड सुटलेत आणि रिफंड आलेत ना बघा, मग त्यावर लावलेली सबस्क्रिप्शन दुसऱ्या कार्डावर न्या, मग उरलेली रक्कम स्वतःच्या बँक खात्यात मागा. हे खाते तुमच्याच नावाचं लागतं. रक्कम पोचल्यावर बंद केल्याचा ईमेल मागून घ्या, स्टेटमेंट डाउनलोड करा (ॲपमधलं लॉगिन नंतर बंद होतं), आणि मगच कार्ड कापा, चिप आणि मागची काळी पट्टी दोन्ही.